सार्वजनिक मास्क

पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा शहर सोडून पळणाऱ्यांना मी मनसोक्त नावं ठेवली. मग शाळा बंद झाल्या, सिनेमागृहं बंद झाली, आणि मी शिवाजीनगरच्या स्टँडवर वसईकडे जाणारी गाडी शोधत उभा राहिलो. तोंडाला निलगिरीत भिजवलेला रुमाल, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी. हा विषाणू नवा आहे, त्याच्याशी लढायची सवय कुणाच्याच अंगाला नाही, खोकल्या-शिंकेच्या थेंबांतून आणि हातांतून तो पसरतो, एवढं पेपरात वाचलं होतं. वाचणं आणि वागणं यांत माझ्याकडे नेहमीच बरंच अंतर असतं. घसा खवखवत होता. तो दोष मी निलगिरीवर ढकलला.

वसई फाट्यावर उतरलो तेव्हा वालीवच्या कारखान्यांचा धूर पावसाने खाली बसवला होता. रिक्षावाल्याने तोंडाला बायकोची ओढणी गुंडाळली होती. पिचकारी मारायची असली की ती तो हनुवटीखाली ओढी. एव्हरशाईन सिटीत माझी मामेबहीण सुमनताई राहते. तिच्या सोसायटीच्या फाटकावर चेअरमन सावंत खुर्ची टाकून बसले होते.

"पावणे कुठून?"

"साताऱ्याहून."

"बरं झालं. पुण्याचे असता तर इथूनच परत धाडलं असतं."

माझं घर पुण्यात आहे हे ताईला ठाऊक. तिला सांगितलं, महिनाभर ऑफिसच्या कामाने साताऱ्यात होतो. मी मितभाषी माणूस. खोटंसुद्धा थोडक्यात बोलतो.

फाटकाच्या केबिनमध्ये खिळ्याला एक पांढरा मास्क टांगला होता. बाजारात मास्क मिळेनासे झाले तेव्हा सावंतांनी ओळखीने तो पैदा केला होता. "चांगल्यातला आहे, ऑपरेशनवाला. बाहेर जाताना घालायचा, आलं की खिळ्याला. सगळ्यांना पुरतो." गच्चीवरच्या टाकीसारखा तोही सामाईक. अख्खी इमारत आळीपाळीने एकाच कापडात श्वास सोडत होती. मी मनात हसलो, आणि दुपारी तोच घालून अर्नाळ्याला गेलो.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. होड्या पुन्हा दर्यात गेल्या होत्या. सुरूची झाडं निथळत होती आणि समोर पाण्यात किल्ला धूसर दिसत होता. बंदरावर एका कोळणीच्या टोपलीतलं म्हावरं (मासळी) बघायला वाकलो, तशी ती खदखदून हसली.

"दादा, तोंडाला लंगोट कशाला? म्हावरं चावनार हाय का तुला?"

"रोग आलाय ना, मावशी."

"मग घरान बस की! रोगाचं भ्याव तुला, न् फिरतंय कोन?"

मी पुढच्या टोपलीकडे सरकलो. तिथे शिंका आल्या, लागोपाठ, आणि सगळ्या मास्कच्या आत. संध्याकाळी तो ओलसर मास्क मी इमानाने खिळ्याला लावला. ताईने ताज्या बोंबलांचं कालवण केलं होतं. तिची सून प्राची, दिवस भरत आलेले, तरी मला आग्रहाने वाढत होती. जिभेला चव नव्हती, अंगात कणकण होती. ही कशाची खूण ते मला कळलं. कळूनही "फक्कड झालंय" म्हणालो.

सकाळी अंग फणफणत होतं. गोळी आणायला खाली उतरलो तर फाटकाशी प्राची, तपासणीला निघालेली. तिने खिळ्यावरचा मास्क काढला. गरोदर बायकांना हा ताप फार जड जातो, हेही मी त्याच पेपरात वाचलं होतं.

"तो नको घालूस," मी म्हणालो.

"का हो, मामा?"

"ओला आहे."

"ह्या पावसात कोरडं काय आहे?" ती हसली आणि तिने मास्क तोंडाकडे नेला.

बोलायला हवं तिथे घसा खाकरून गप्प बसायचं, असंच माझं आयुष्य गेलं. या वेळी घसा बसलेलाच होता, म्हणून ओरडावं लागलं.

"मी पुण्याहून आलोय, प्राची! ताप आहे मला. काल त्यात शिंकलोय!"

मास्क तिच्या हातून गळून पडला. सावंत खुर्चीतून उडालेच. "अहो, मघाशी तोच घालून मी दूध आणलं!" मग त्यांनी मास्क काठीने उचलून पेटवला. पावसात तो नुसताच धुमसला, आणि जमलेल्या सभासदांनी घोळका करून त्याचा धूर खाल्ला.

प्राचीने तिथेच नळावर साबणाने हात धुतले. तिच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, तापावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती परस्पर विरारला माहेरी गेली. मला दवाखान्यात सांगितलं ते साधं होतं: औषध घ्या, खोलीबाहेर पडू नका, खोकताना तोंडावर रुमाल, हात साबणाने धुवा, आणि मास्क ज्याचा त्याचा.

"पुण्याहून आलोय म्हटलं असतंस तर मी दार लावलं असतं, असं वाटलं तुला?" ताईने विचारलं.

"हो."

"लावलंच असतं. मागच्या खोलीचं, तुला आत घेऊन."

ती दाराबाहेर पेज ठेवी आणि निघून जाई. रोज फोन वाजला की मी दाराला कान लावून बसे. शेवटी ताई बाहेरून म्हणाली, "प्राचीचा होता. ताप नाही, काही नाही. मामा पेज संपवतात का, विचारत होती." त्या दिवशी मी पेज शेवटच्या शितापर्यंत संपवली. सावंतांना फक्त सर्दी झाली, पण तेवढ्यात त्यांनी मृत्युपत्रासाठी दोनदा वकील बोलावला.

बरा होऊन निघालो तेव्हा केबिनमध्ये सुधारणा झाली होती. आता खिळे दोन होते. एका मास्कवर 'सभासद', दुसऱ्यावर 'पाहुणे'.

ठाण्याच्या एसटीत शेजारच्या गृहस्थांनी गप्पांना सुरुवात केली. "कुठले आपण?"

"पुण्याचा," मी म्हणालो. "आता बरा आहे."

पुढचं वाक्य त्यांनी ऐकलंच नाही. ते मागच्या बाकड्यावर जाऊन बसले. खरं बोलून मला आयुष्यात पहिल्यांदाच ऐसपैस जागा मिळाली, तीही खिडकीजवळ.