तारवाल्यांची सूनबाई

वय चव्वेचाळीस, खिशात वायरमनचं लायसन्स, पाठीशी सोळा वर्षांचं काम, आणि तरी सगळीकडे तिची ओळख एकच: तारवाल्यांची सूनबाई. तारवाले म्हणजे तिचे सासरे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते घरी खुर्चीत बसून असत. पण त्याआधी तीस-बत्तीस वर्षं त्यांनी घरोघरी गरम पाण्याच्या टाक्या, बॉयलर आणि खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर यांची वायरिंग केली होती. पोटचा मुलगा विमा कचेरीत चिकटला, आणि नुसती पक्कड हातात द्यायला म्हणून बरोबर जाणारी सून काम शिकून बसली.

काम बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनीच, शिकवलं, हे ती कधी नाकारत नसे. पण त्यांनी जोडलेली वायरींची पेटी उघडायची म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडत. बाबांना वायरच्या रंगाचं काही सोयरसुतकच नव्हतं. पिशवीत उरलेली असेल ती वायर लावायची. एका घरात न्यूट्रल निळी, दुसऱ्या घरात तीच पांढरी, तिसऱ्या घरात सगळ्याच तपकिरी. चिठ्ठी नाही, खूण नाही, कागदावर एक रेघ नाही. विचारलं की म्हणायचे, "माझ्या लक्षात आहे ना." आणि खरोखर लक्षात असे, हाच तर ताप होता. कारण ते बाहेर काढायचं तर आधी त्या घराची अथपासून इतिपर्यंत हकिकत ऐकावी लागे: जिना कसा अरुंद होता, मालकाचा जावई कसा मध्ये मध्ये करत होता, मांजर पिशवीत कसं येऊन झोपलं होतं. शिडीवर उभं राहून, फोन खांद्यात धरून ती म्हणे, "बाबा, मांजर राहू द्या. काळी वायर कुठली, तेवढं सांगा."

तर त्या थंडीत एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. बाई एकट्या राहत, घर आरशासारखं लख्ख, आणि बोलणं मोजूनमापून. तक्रार अशी की गरम पाण्याचं बटण दाबलं की खोल्या तापतात आणि टाकीतलं पाणी गारच्या गार राहतं.

टाकीच्या खोलीत दोन व्हॉल्व्ह होते. एक उघडला की बॉयलरचं गरम पाणी टाकीकडे जातं, दुसरा उघडला की रेडिएटरकडे. प्रत्येकावर एक छोटी मोटर. टाकी गार असली की टाकीवरचा थर्मोस्टॅट पहिल्या मोटरला हुकूम देतो, खोली गार असली की भिंतीवरचा थर्मोस्टॅट दुसरीला. सरळ हिशेब. सूनबाईने पेटी उघडली आणि डोक्याला हात लावला. सगळ्या वायरी तपकिरी.

मोटरी उलट्या जोडल्या गेल्यात, हे उघड होतं. बाबांनीच घोटाळा केला असणार, हेही तिने मनाशी ठरवून टाकलं. पेटीतला गुंता उसवत बसण्यापेक्षा तिने बटणांच्या टायमरवरच दोन वायरींची अदलाबदल केली. बटण दाबलं, टाकी तापली. घरी येऊन तिने बाबांना दोन शब्द सुनावलेही. बाबा एवढंच म्हणाले, "मी उलटं जोडणार नाही," आणि तोंड फिरवून बसले.

चौथ्या दिवशी पुन्हा बाईंचा फोन. आता पाणी इतकं उकळत होतं की नळाला हात लावायची सोय नव्हती. मात्र दुपारी खोलीत ऊन आलं की टाकी गार पडायला लागे. सूनबाई पुन्हा गेली. टाकीचा थर्मोस्टॅट गेला असेल म्हणून नवा बसवला. दोन दिवसांनी तिसरा फोन. फरक शून्य. बाई रागावल्या नव्हत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिसरी खेप आहे." शाळेत किती मुलांच्या तोंडचं पाणी या एका आवाजाने पळालं असेल, हे तिला तेव्हा कळलं.

वाटेत तिला आपलीच चूक उमगली. टायमरवर अदलाबदल करून तिने टाकीचा कारभार खोलीच्या थर्मोस्टॅटकडे सोपवला होता. खोली गार असेपर्यंत टाकी उकळत राहणार, खोली तापली की टाकी उपाशी. नवशिक्याने करावी अशी चूक. ती स्वतःवर चरफडत पोचली, टायमर पूर्ववत केला, आणि पेटी पूर्ण मोकळी करून फोन लावला.

बाबांनी बाईंच्या यजमानांपासून सुरुवात केली. ते कसे सतरंजी अंथरून शेजारी बसले होते, आणि प्रत्येक स्क्रू मोजत होते. सूनबाईने दात आवळून ऐकून घेतलं. शेवटी गाडी मुद्द्यावर आली.

"खिडकीकडचा व्हॉल्व्ह टाकीचा," बाबा म्हणाले. "त्याचा पाईप सरळ खाली टाकीत उतरतो. बघ समोर."

ती बघत राहिली. खिडकीकडच्या व्हॉल्व्हचा पाईप वर छतात जात होता. आणि त्याच्यावरचा सांधा नवा कोरा, चकचकीत होता. बाकी सगळे पाईप काळवंडलेले.

"बाई, इथे कोणी पाईपचं काम केलं होतं का?"

"हो. दीड महिन्यापूर्वी. गळत होतं म्हणून प्लंबरने दोन्ही पाईप बदलले."

"आणि मग हे सुरू झालं?"

"त्याच आठवड्यात."

सूनबाईने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या. "वायरिंगबद्दल विचारलंत, ते सांगितलं."

त्या प्लंबरने वळण वाचवायला पाईप अदलाबदल करून जोडले होते आणि व्हॉल्व्हवर काय लोंबतंय तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि व्हॉल्व्हवर एक साधी चिठ्ठी असती, 'हा टाकीचा' एवढीच, तर त्यालाही कळलं असतं आणि तिच्या दोन खेपा वाचल्या असत्या. दोन मोटरींच्या वायरी पेटीत बदलायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. फक्त पाण्याचं बटण दाबलं; व्हॉल्व्ह घुरघुरला, टाकीचा पाईप हळूहळू गरम झाला, रेडिएटर गार राहिला. मग उलटं करून पाहिलं. बाईंनी प्रत्येक पाईपला स्वतः हात लावून खात्री केली, तेव्हा कुठे मान हलवली.

घरी येऊन तिने कबूल केलं: तुमची चूक नव्हती. बाबा हसतील असं तिला वाटलं होतं, पण ते हसले नाहीत.

"बटण दाबून पाईप चाचपला नाहीस? पहिल्या दिवशी?"

नव्हता चाचपला. ही पहिली शिकवण होती त्यांची, आणि म्हणूनच ती जास्त भडकली. ती म्हणाली की चूक माझी, मान्य, पण तुमच्या डोक्यातल्या वायरी मी कुठवर फोनवर शोधत बसू? रविवारपासून तुम्ही माझ्याबरोबर यायचं. खुर्ची मी आणते. तुम्ही सांगायचं, मी चिठ्ठ्या चिकटवणार. एकेक घर.

बाबा दोन दिवस फुगून बसले. रविवारी मात्र तिच्या आधी बूट घालून तयार.

पहिल्या दोन घरांत त्यांनी चहा संपेपर्यंत हकिकती सांगितल्या आणि वायरी अचूक ओळखल्या. तिसऱ्या घरात एका लाल वायरवर त्यांनी बोट ठेवलं. बराच वेळ बोट तसंच.

"हिचं आठवत नाही," ते म्हणाले. "मीटर लाव."

वेळच्या वेळी लिहिलं असतंत तर, हे तिच्या ओठांवर होतं, आणि ते तिने बोलूनही दाखवलं. बाबांनी नुसता टॉर्च तिच्या हातांवर नीट धरला. लाल वायर बॉयलरची निघाली. तिने चिठ्ठी लिहिली, तर ते म्हणाले अक्षर मोठं काढ, आणि तिने ती फाडून दुसरी लिहिली.