साफियाचा ताडगूळ आणि आमचं गूळपाणी

आमच्या घरात दाराशी आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय सोडत नाहीत. या एका चांगल्या सवयीपायी व्हिएतनाममधल्या एका गावाचं पर्यटन आम्ही सुरू व्हायच्या आधीच बुडवत आणलं होतं.

तसा मी शांत माणूस. दोह्यात गॅस कंपनीत इंजिनिअर, अल थुमामात भाड्याचा फ्लॅट, डोक्यावरून दर दहा मिनिटांनी विमान. पण मी मूळचा कऱ्हाडकडचा, त्यामुळे गुळाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. (खरं म्हणजे माझं सगळं शिक्षण पुण्यात झालं आणि गुऱ्हाळावर गेलो तो फक्त काकवी प्यायला. पण हे दोह्यात कोण सांगणार?) चिकीचा गूळ कुठला, मऊ कुठला, केमिकल घातलेला कसा ओळखायचा, यावर मी पार्टीत अर्धा अर्धा तास बोलतो. लोक ऐकतात. निदान हातातली बशी रिकामी होईपर्यंत तरी ऐकतात.

साफिया माझ्या बायकोच्या, म्हणजे मंजूच्या ऑफिसात. ती चाम. हा व्हिएतनामच्या दक्षिणेला नदीकाठी राहणारा मुसलमान समाज. तिचा भाऊ सलीम बांबूच्या शिडीवरून ताडावर चढतो, रस उतरवतो, आणि तिची आई तो दिवसभर कढईत आटवून त्याचा गूळ करते. पण गावातली सगळी तरणी पोरं शहरातल्या कारखान्यांत निघाली होती. सलीमनं आईला सांगितलं होतं, एवढा एक मोसम बघतो. घरी पाहुणे उतरवायचे, रस काढताना दाखवायचा, कढईपाशी बसवायचं, पोटभर जेवू घालायचं. पाहुणे आले तर राहीन, नाहीतर मीही चाललो. तो गेला की ताडावर चढणारं घरात कुणी उरणार नव्हतं.

पाहुणे मिळण्याची एकच आशा होती, अबू खालिद. हे कतारी गृहस्थ इथल्या कुटुंबांसाठी खाण्यापिण्याच्या सहली काढतात. व्हिएतनाममध्ये मुसलमान घर, हलाल स्वयंपाक आणि वर ताडाचा गूळ म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले. "आधी चव दाखव," म्हणाले, "मग बोलू." साफियाच्या आईनं गावाहून येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर ताडाच्या पानात गुंडाळलेला गूळ पाठवला. पण साफिया राहते अल अझीझियात, चार मुलींच्या शेअरिंग फ्लॅटमध्ये, आणि शेगडी एकच.

"आमच्या घरी कर की!" मी म्हणालो.

मंजूनं माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या बघण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"पण आई आल्यात," ती मराठीत कुजबुजली. "त्यांच्यासमोर घरात मटण शिजणार आहे का?"

माझी आई गावाहून पाडव्याला आली होती, ती एप्रिल सरत आला तरी होती. तिनं लगेच तोडगा काढला. "गोडाचं कर म्हणावं की पोरीला, लागंल तेवढं! पातेली हायती, मी हाय."

ठरलं. शुक्रवारी नमाजानंतर अबू खालिद येणार. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले जाळीदार पिवळे केक, नारळाच्या दुधातली केळी आणि चहाबरोबर नुसता गूळ. बुधवारी संध्याकाळी, आई खाली फिरायला गेली असताना, साफिया गूळ ठेवून गेली. मी एक पान उलगडून बघितलं. फिकट सोनेरी, चपट्या वड्या.

"फ्रिजवर ठेवा," मंजू म्हणाली.

"फ्रिजवर? गुळाला हवा लागते, मंजू! ओल धरते, मुंग्या येतात. गुळातलं तुला काय कळतं?"

मी तो पानांसकट स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरला. शास्त्रशुद्ध! तो डबा आईचा गुळाचा होता आणि तळाशी तिचा एकच खडा शिल्लक होता, हे मी पाहिलं. त्याचा पुढे काही अर्थ निघतो, हे मात्र डोक्यात आलं नाही.

गुरुवारी आम्ही दोघं ऑफिसात, आमची लेक ईरा शाळेत, आणि घरातला एसी बंद पडला. आईनं फोन केला, मी बिल्डिंगच्या मेंटेनन्सला केला, विषय संपला असं मला वाटलं. पण एप्रिलच्या उन्हात टपटप घाम गाळत मेकॅनिक आला, बरोबर दोन जोडीदार. आईनं डबा उघडला. आत गूळच गूळ! (पोरगं शहाणं झालं, सांगायच्या आधी गूळ आणून ठेवला, असं तिला वाटलं. माझ्याबद्दल तिला इतकं चांगलं क्वचितच वाटतं.) तिनं तिघांना वडी आणि तांब्याभर पाणी दिलं. तिघांनी वडी तोंडात टाकली आणि पाना बाजूला ठेवला.

"अम्मा, ये क्या है?"

"गुड़ है बेटा. और लो!"

आईचं हिंदी तेवढंच, पण तेवढं पुरलं. मेकॅनिकनं खाली जाऊन नातूरला, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलं. नातूर आला. पाण्याच्या बाटल्या टाकणारा आला. कुरिअरवाला पत्ता चुकून आला, त्यालाही दिलं. शेजारची वसईची रोझलिन विरजण मागायला आली, ती वडी खाऊन विरजण न घेताच गेली. घरी पोचल्यावर आठवलं म्हणून परत आली, तेव्हा परत वडी!

संध्याकाळी मी दमून घरी आलो. दारातच आई वाटी घेऊन उभी.

"घे रं, उन्हाचा आलाईस."

मी वडी तोंडात टाकली. काय सांगू! जिभेवर ठेवली आणि विरघळली. मी डोळे मिटले.

"आई," मी म्हणालो, "कऱ्हाडचा गूळ तो कऱ्हाडचा! जगात कुठं जा, ही चव नाही मिळायची. आहे का अजून?"

"शेवटचीच उरली हुती. खा, तुझ्यासाठीच ठिवली."

मी खाल्ली. वर बोटं चाटली.

शुक्रवारी सकाळी साफिया एप्रन बांधून आली. तिनं डबा उघडला. आत ताडाची पानं नीट घडी करून ठेवलेली होती. आईला वस्तू टाकवत नाहीत.

साफिया ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि पानांवरून हात फिरवत राहिली. मग मंजूनं आईला विचारलं, आईनं सगळं सांगितलं, कोण कोण आलं, कुणी काय म्हटलं, आणि शेवटच्या दोन वड्या कुणाच्या पोटात गेल्या तेही सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," ईरा म्हणाली, "यू आर सो डेड."

आईच्या डोळ्यात पाणी आलं. "परक्याच्या लेकीचा गूळ वाटला व्हय मी? आणि हा मेला म्हणतोय कऱ्हाडचा!"

मला खरंच लाज वाटली. पण लाज वाटली की मी गप्प बसत नाही, काहीतरी करायला जातो, आणि तिथंच सगळा घोटाळा होतो. मी गाडी काढली. नमाजासाठी दुकानं बंद व्हायच्या आत अल अझीझियातली तीन सुपरमार्केटं पालथी घातली आणि एकात कुठल्यातरी तिसऱ्याच देशाची पाम शुगर मिळाली. इतकी कडक, की फरशीवर पडली तेव्हा मी आधी फरशी बघितली.

"वितळवतो," मी म्हणालो. "वाटीत ओततो, वड्या पाडतो, ह्या पानांत गुंडाळतो. कुणाला कळणार नाही!"

"माझ्या आईला कळेल," साफिया म्हणाली.

"तुझी आई कुठं येणार आहे चाखायला?"

"आणि मला न्हाई कळत व्हय?" आई कडाडली. "पावण्याला फसवायचं? माझ्या चुलीवर?"

पण तोवर मी गॅस मोठा केला होता. बोलता बोलता हात हलवायचा राहिला. पाक फसफसला, काळा पडला, धूर झाला. मी खिडकी उघडायला धावलो, आणि आमच्या बिल्डिंगचा फायर अलार्म, जो मागच्या ड्रिलला वाजलाच नव्हता, तो त्या दिवशी अगदी मन लावून वाजला.

अख्खी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये. कुणी लुंगीवर, कुणी ओल्या केसांनी, रोझलिन बिर्याणीचं पातेलं कडेवर घेऊन. मी हातात काळी कढई घेऊन मध्यभागी उभा. नेमक्या त्याच क्षणी एक पांढरी लँड क्रूझर आत शिरली. अबू खालिद उतरले. पाठोपाठ त्यांच्या म्हाताऱ्या आई उतरल्या, काळ्या अबायात, हातात काठी.

"काय झालं?" अबू खालिदनी विचारलं. (त्यांचं बोलणं इंग्रजी, त्यात निम्मं हिंदी. मी इथं मराठीत सांगतोय.)

"टेस्टिंग, सर!" मी म्हणालो. घाबरलो की मी खरं बोलत नाही आणि खोटंही जमत नाही.

त्यांनी कढईत वाकून पाहिलं. "हीच ती चव?"

तेवढ्यात कालचा मेकॅनिक आला. एसीचा राहिलेला पार्ट बसवायला आला होता बिचारा. त्यानं आईला बघितलं आणि तो सरळ तिच्याकडेच गेला. "अम्मा, कलवाला गुड़ है क्या? एक घर भेजना है, बच्चों के लिए. कहाँ मिलता है?"

"हाँ अम्मा," नातूर म्हणाला, "मेरे को भी बोलो."

"मला रात्री स्वप्नात आला तो!" रोझलिन म्हणाली.

अबू खालिद एकेकाकडे बघत राहिले. "कसला गूळ?"

मी तोंड उघडलं, मंजूनं माझ्या पायावर पाय दिला. मग साफिया पुढं झाली. तिनं सरळ सांगितलं. "माझ्या आईचा. तुमच्यासाठी आलेला. काल या सगळ्यांनी खाऊन संपवला. एक तुकडाही उरला नाही. ही कढई आमची नाही, ती यांची आहे." आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी कढई मागं लपवली.

"खलास?" अबू खालिदच्या आईनं विचारलं.

"खलास," साफिया म्हणाली आणि एप्रनची गाठ सोडू लागली.

म्हातारीनं काठी टेकली, मुलाला दुभाषा केलं आणि मेकॅनिकला जवळ बोलावलं. "तू खाल्लास? कसा होता?" मेकॅनिकनं नुसते डोळे मिटले आणि मान डोलावली. नातूरनंही डोलावली. मग म्हातारी साफियाकडे वळली. "तुझी आई आत्ता काय करतेय?"

साफियानं व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झालेली, दिवसाची शेवटची कढई चुलीवर. वाफेतून एक हसरा चेहरा दिसला, डोक्याला ओढणी, हातात लांब दांड्याचा डाव. मागं सलीम उभा, पायाला ताडाची साल लागलेली. फोनवर म्हातारीचं डोकं, तिच्या खांद्यावरून आमच्या आईचं डोकं, दोघींच्या मधून ईराचं. रस दाट होत होता, डावातून पट्टीसारखा पडत होता. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती.

"आता उतरव!" आई एकदम ओरडली. "उतरव म्हणावं, करपंल!"

त्याच क्षणी तिकडच्या आईनं कढई खाली घेतली. अबू खालिदची आई खळखळून हसली, आईनं टाळी वाजवली, आणि साफिया रडत होती का हसत होती ते मला सांगता येणार नाही.

"बघ," म्हातारी मुलाला म्हणाली, "इथं मिळाला असता तर चाखून घरी गेलो असतो. आता जावंच लागेल. यल्ला, चल, तिकिटं बघ!"

"पण आई, चव..."

"इतकी माणसं डोळे मिटतायत, तुला अजून काय पाहिजे?"

पहिली सहल पुढच्या थंडीत गेली. सलीम कारखान्यात गेला नाही. त्यानं घराला एक खोली वाढवली आणि बांबूची दुसरी शिडी बांधली, पाहुण्यांना चढून बघायला. अबू खालिदच्या आईनं आग्रहानं आमच्या आईला बरोबर नेलं, तिला खास व्हिसा काढून परत बोलावलं! दोघी दिवसभर कढईपाशी बसून होत्या, असं साफिया सांगते. मंजू गेली, ईरा गेली.

मीही विचारलं. "जागा भरल्या," साफिया म्हणाली, अगदी प्रेमानं. मग जरा विचार करून म्हणाली, "पण तुमचं घर विमानतळाच्या जवळ आहे ना?"

तेव्हापासून प्रत्येक सहलीला मी माणसं विमानतळावर पोचवतो आणि आणतो. परवा समैस्मा नावाच्या इथल्याच गावच्या एका कुटुंबाला सोडलं. वाटेत मी गुळाचे प्रकार समजावून सांगायला सुरुवात केली, तर मागून त्यातले गृहस्थ म्हणाले, "भाई, एसी जरा वाढव." उतरताना त्यांच्या बायकोनं माझ्या हातात टिप ठेवली. वीस वर्षांचा अनुभव असलेला सीनियर इंजिनिअर मी! मी ताठ झालो, गळा साफ केला, "शुक्रन, मॅडम" म्हणालो आणि त्यांच्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या.