आत्याबाईंच्या कानातली बाई

माझ्या दिराच्या हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात एक बाई गात होती, आणि ती बाई घरात नव्हतीच.

आम्ही सडक अर्जुनीकडच्या गोरेगावचे. मी घरी शिकवण्या घेते, त्यामुळे ऑनलाइन तासांसाठी घेतलेला एक बरा माइक माझ्याजवळ आहे. माइक आहे म्हणून लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि सॉफ्टवेअर आहे म्हणून प्लगिनं टाकली. प्लगिन म्हणजे आवाजाचं पार्लर. एक आवाज गुळगुळीत करतं, एक घुमवतं, एक बेसूर माणसाला ओढून सुरात आणतं. फुकटात मिळाली तेवढी सगळी मी उतरवून घेतली. (लॅपटॉप जुना आहे. त्याला कोणी विचारलं नाही.)

यंदा हळदीची गाणी घरच्याच बायांच्या आवाजात डीजेवर वाजतील, असं मी जाहीर करून बसले. गाणार होत्या सडक अर्जुनीच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नणंद. या दोघींचं मागच्या एका लग्नात मानाच्या लुगड्यावरून बिनसलं होतं, त्या आत्ता कुठं बोलायला लागल्या होत्या. घरातली मांजरसुद्धा जपून पावलं टाकत होती.

आत्याबाईंना आतल्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि सगळी प्लगिनं एकदमच चालू केली. आत्याबाईंनी सुरुवात केली, "पाटावर बसला भाचा माहा लाजरा..." आणि थांबल्या.

"रेखा, मांगून कोन गाऊन रायली?"

"कोणी नाही आत्याबाई. तुम्ही गा."

त्या पुन्हा गायल्या. मागून येणाऱ्या बाईसाठी थोड्या थांबून, थोड्या हळू. मग तीही हळू झाली. मग या आणखी हळू. शेवटी गाणं हळदीचं आहे की मयतीचं, तेच कळेना.

"हे वयनीच आहे," आत्याबाई म्हणाल्या. "माही नक्कल करून रायली. अन् तेही नाकातून."

(नाकातून, कारण ते सुरात ओढणारं प्लगिन.)

सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. त्या तशाच आल्या. "मी कायले गाऊ बाई तुमच्या मांगं? माह्या तोंडात पान आहे."

"मंग कोन आहे ते?"

मला वाटलं, घुमवणाऱ्या प्लगिनचा प्रतिध्वनी असणार. म्हणून प्रतिध्वनी खाऊन टाकणारं आणखी एक प्लगिन चढवलं. कानातली बाई आता अर्धी ओळ मागं पडली. मी घाईघाईनं हेडफोन सासूबाईंना लावले. म्हटलं, त्यांनी गाऊन ऐकलं की त्यांच्यावरचा आळ तरी जाईल. सासूबाईंनी पान गालात सरकवलं, एक ओळ म्हटली, आणि नणंदेकडं टक लावून पाहत राहिल्या.

"बाई, तुमी तोंड न हालवता कशा गाता?"

आत्याबाईंनी पिशवी उचलली. "रेखा, मले एसटीत बसवून दे. तुमची हळद तुमीच लावा."

हे ऐकून नवरदेव, म्हणजे माझा दीर नितेश, अर्धी दाढी केलेला तसाच दारात आला. "आत्याशिवाय हळद कशी लागन वयनी? तुमच्या मशीनीपाई माहं लगन रायते का मोडते?"

मी सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. माइकची वायर काढून पुन्हा खोचली. लॅपटॉपला फुंकर घातली. (याचा उपयोग होत नाही, पण बरं वाटतं.) मग हातापाया पडून आत्याबाईंना खाली बसवलं आणि एकेक प्लगिन बंद करत गेले. त्या पिशवी मांडीवर घेऊन दर वेळी एक ओळ म्हणत.

"आता?"

"जवळ आली."

"आता?"

"आता तं खांद्यावरच बसली."

मी उरलेलं शेवटचं प्लगिन बंद केलं. आत्याबाईंनी ओळ म्हटली, खोलीत एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "गेली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक प्लगिन आवाज सजवायला जरा वेळ घेत होतं. सगळी एकापुढं एक लावल्यावर आत्याबाईंचा आवाज त्यांच्याच कानात उशिरा पोचत होता, आणि इतका सजून की त्यांनाच ओळखू येत नव्हता. हे मी दोघींना समजावून सांगितलं.

"म्हनजे ते नाकातून गानारी मीच?" आत्याबाईंनी विचारलं.

सासूबाईंना एवढं हसू आलं की पानाचा ठसका लागला. आत्याबाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागल्या आणि मारता मारता स्वतःच हसत खाली बसल्या. "मी तुमाले लय बोलली वयनी."

"मी का कमी बोलली बाई? चला, संगंच गाऊ."

दोघी हेडफोन न लावता मांडीला मांडी लावून गायल्या. मध्येच कुकरची शिट्टी झाली, दोघींना पुन्हा हसू फुटलं आणि हसतच कडवं पूर्ण झालं. मी फक्त रेकॉर्डचं बटण दाबलं होतं.

हळदीला तेच वाजलं. कुकरच्या शिट्टीला मांडवातून शिट्ट्या पडल्या. डीजेवाला म्हणाला, "भाभी, क्या मिक्सिंग है. प्लगिन कौनसा लगाया?"

"वो बताते नहीं," मी म्हटलं.

आत्याबाई मात्र साऱ्या मांडवाला सांगत सुटल्या, "मशीनीत एक बाई घुसली होती. आमच्या रेखानं काढली."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू बंद पडलेला रेडिओ घेऊन दारात उभ्या. "आमची बाई बोलतच नाई. तुमी काढलेली यात टाकून देता का?"

नाही म्हणायचं सोडून मी पेचकस आणला आणि रेडिओ उघडला. आता तो बंद होत नाहीये.