दोन तिकिटं, एकच पान

सुधाकरच्या बायकोचा, रेखावहिनींचा फोन आला तेव्हा मी औरंगपुऱ्यात वह्यापुस्तकांच्या दुकानात उभी होते. "ताई, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. दुकानदारानं काय झालं विचारलं, तर माझ्या तोंडून निघालं, आमचा समीक्षक गेला. मित्र म्हणायचं सोडून समीक्षक म्हणाले… सुधाकरला हे कळतं तर स्वारी खूश झाली असती.

त्याला आता दीड महिना झाला. सुधाकर सरकारी कचेरीत कारकून होता आणि आमच्या शहरातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत तीसेक वर्षं सिनेमावर लिहायचा. कॉलेजपासूनची आमची दोस्ती, त्यामुळं मी त्याला अरेतुरेच करायची, आजही करणार. त्याची एक शिस्त होती. सिनेमा कादंबरीवरून काढलेला असला की आधी कादंबरी वाचायची, मग शुक्रवारी पहिल्या खेळाला जायचं आणि घरी आल्यावर, सिनेमा पुस्तकापासून जिथं फारकत घेतो नेमक्या त्या पानात तिकीट ठेवायचं. फोनवर तिकिटं यायला लागली तरी हा पठ्ठ्या खिडकीवर जाऊन कागदाचंच मागायचा. आम्ही त्याची लई चेष्टा करायचो.

तीन वर्षांपूर्वी माझ्याच कादंबरीवर सिनेमा आला. निजामाच्या काळातली गोष्ट. दौलताबादच्या किल्ल्याखाली, घराच्या ओसरीवर मुलींना शिकवणारी जानकी आणि तिच्यावर जीव जडलेला शहरातला एक मुनशी. पुस्तकात शेवटी तो तिला हैदराबादला चल म्हणतो आणि ती जात नाही, कारण तिच्या पोरींना अजून धड वाचता येत नसतं. ही जानकी म्हणजे माझी थोरली आत्या. सिनेमात मात्र जानकी हातातली पाटी टाकून त्याच्या टांग्यामागं रडत धावते.

मुंबई-पुण्याच्या पेपरांनी सिनेमा डोक्यावर घेतला. कंदिलाचा उजेड, हिमरूच्या शाली, किल्ल्यावरची संध्याकाळ… सगळ्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. इथं तर काय, आपला किल्ला पडद्यावर दिसला म्हणून माझा सत्कार झाला, हार-तुरे झाले. त्याच रविवारी सुधाकरची समीक्षा आली. छायाचित्रण, कपडे, संगीत, सगळ्याला मोकळ्या मनानं दाद देऊन त्यानं लिहिलं होतं की या सिनेमानं जानकीचा कणाच काढून घेतलाय, आणि लेखिकेला कुणी विचारलं असतं तर तिनं हा शेवट जन्मात मान्य केला नसता.

मला विचारलं होतं. आणि मी हो म्हणाले होते. दिग्दर्शकाचा फोन आला, शेवट बदलला नाही तर निर्माता मागं हटेल म्हणाला, आणि मी दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. सिनेमा व्हावा, पडद्यावर आपलं नाव यावं, एवढीच हाव. सुधाकरनं मला चार शब्द सुनावले असते तर मी कडाकडा भांडले असते. त्यानं तर माझ्यावर विश्वास टाकला होता, त्याचं काय करायचं? तीन आठवडे मी त्याचा फोन उचलला नाही. लोकांना वाटलं, बाईला समीक्षा झोंबली. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

शेवटी राहवेना, तशी एका सकाळी त्याच्या घरी गेले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यानं चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"मंगल, पिक्चर लई देखणा हाय," तो म्हणाला. "पण तुझी आत्या त्यात नाय."

मग शांतपणे विचारलं, चूक छापू का? मी छाप म्हणाले. पुढच्या रविवारी त्याच्या सदराखाली छोटी चौकट आली. "शेवटाला लेखिकेची संमती होती, ती नसणारच असं मी धरून चाललो ही माझी चूक. मत मात्र कायम आहे." स्वतःची चूक स्वतःच्याच सदरात कबूल करणारा आणि तरी जागचा न हलणारा समीक्षक मी दुसरा पाहिला नाही. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त अभिमान वाटला, की हा माणूस आमच्या गावचा आहे आणि माझा मित्र आहे.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याच्या कपाटातली माझ्या कादंबरीची प्रत काढून माझ्या हातात ठेवली. तिकीट कुठं असणार ते मला ठाऊक होतं. जानकी नाही म्हणते, त्याच पानात ते होतं. पण एक नव्हतं, दोन होती. दोन्हींवरची छपाई पार उडून गेलेली. एकाच्या मागं कोरं होतं. दुसऱ्याच्या मागं पेन्सिलीनं लिहिलेलं, "मंगल हो म्हणाली, म्हणजे आपलंच काही पाहायचं राहिलं असेल, म्हणून परत गेलो. तरी इथंच."

म्हणजे त्या सकाळी मी चहा पिऊन निघून गेल्यावर, ती चौकट लिहायच्या आधी, हा गडी गुपचूप पुन्हा थेटरात जाऊन आला होता. मला कधी बोलला नाही…

कादंबरीची नवी आवृत्ती निघतेय. मुखपृष्ठावर टांग्यामागं धावणारी सिनेमातली जानकी टाकू का, असं प्रकाशकांनी परवा फोनवर विचारलं. पुस्तक हातोहात जाईल म्हणाले. सुधाकरची प्रत समोर टेबलावरच होती.

या वेळी मी नाही म्हणाले.