चालत आलेला जावई

माझ्या कंबरेबद्दल प्रत्येकाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पनवेलच्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनपासून बायकोच्या लांबच्या आत्येपर्यंत सगळ्यांची मला तेलं सुचवून झाली आहेत. खरं एवढंच आहे की मणक्यातली गादी सरकली आहे आणि डाव्या पायाची शीर तिच्याखाली दबली आहे. ऑपरेशनची डॉक्टर खात्री देत नाहीत आणि मला धीर होत नाही. उभा असलो, चालत असलो की मी बऱ्यापैकी माणसात असतो. बसलो की थोड्याच वेळात कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत तापलेली सळई फिरायला लागते. आणि लोकांना कुणी आजारी आहे असं कळलं की ते पहिलं काम काय करतात, तर त्याला धरून बसवतात.

प्रवासाचं माझं एक तंत्र आहे. मागच्या खिशात पाकीट ठेवायचं नाही. सीट शाळेच्या बाकासारखी सरळ करायची, कंबरेमागे टॉवेलची वळकटी द्यायची. आणि दुखायला लागायच्या आधीच उतरायचं, कारण दुखल्यावर उतरून काही उपयोग नसतो. खारघरच्या दवाखान्यात जाताना गाडी कुठे कुठे कडेला घेता येते ते मला पाठ आहे. मी उतरलो की बायकोही उतरते, पाण्याची बाटली घेऊन उन्हात शेजारी उभी राहते. ती कधी तक्रार करत नाही. तिने एकदा तरी करावी, असं मला फार वाटतं.

तिचं माहेर द्रोणागिरीच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात. पनवेलहून म्हटलं तर जवळच. पण माझं दुखणं वाढल्यापासून ती तिथे राहायला अशी गेलीच नव्हती. सकाळी जायचं, आईला भेटायचं, संध्याकाळी माझी कंबर शेकायला परत. 'यांचं कसं होईल' हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं की माहेरच्यांनी राहायचा आग्रह करणंच सोडून दिलं.

अशात अधिक महिना आला. सासूबाईंचा फोन आला, धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण. मागचा अधिक महिना माझ्या दुखण्यातच गेला होता, त्यामुळे जावयाला जेवू घालायचं त्यांचं तेव्हापासून राहिलं होतं. "जावयांना घेऊन ये गो," त्या म्हणाल्या. "पुढच्या धोंड्याला मी आसन का नसन." फोन स्पीकरवर होता. बायको माझ्याकडे न बघता भाजी निवडत राहिली. मी म्हटलं, जाऊ. काही झालं तरी या वेळी आपल्यापायी तिचा दिवस नासायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

जावई रिक्षाने कसा येईल? मेहुणा स्वतः न्यायला आला. गावच्या जमिनी सरकारने घेतल्यावर मिळालेल्या पैशात त्याने ट्रेलर घेतले, धंदा चांगला चालला, आता दारात ही मोठी गाडी आहे. त्याने पुढची सीट पार मागे पाडून ठेवली होती. तिच्यावर दोन फुलाफुलांच्या उशा. "भावजी, एकदम आरामात झोपून चला," तो म्हणाला. तसं अर्धवट रेलून बसणं मला सगळ्यात वाईट. पण त्या उशांचे अभ्रे इस्त्री केलेले होते. मी जमेल तशी सीट सरळ करावी म्हणून बटण शोधत होतो तेवढ्यात तो म्हणाला, "आईनं सकालपासून तोंडात काय घेतला नाय. जावई जेवल्याबिगर ती जेवनार नाय."

सासूबाईंना साखरेचा आजार आहे. म्हणजे मी वाटेत जितक्यांदा उतरणार तितका त्यांचा उपास लांबणार. माझं सगळं तंत्र तिथेच संपलं. मी उशांवर आडवा झालो आणि गाडी निघाली.

गव्हाण फाट्यापुढे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंटेनर. काचेतून आभाळ दिसत नव्हतं, फक्त गंजलेला निळा पत्रा. एसी जोरात होता आणि माझ्या पाठीतून घामाचे ओघळ चालले होते. कळ मांडीपर्यंत आली, गुडघ्याखाली उतरली. मेहुणा मला त्याच्या नव्या गोडाउनबद्दल सांगत होता आणि मी 'हो का, हो का' करत होतो. मागून बायकोने खांद्यावर हात ठेवला. तो हात मला तेव्हा झटकून टाकावासा वाटला. दुखण्यात माणूस इतका हलकट होतो.

मी दार उघडलं आणि उतरलो.

काय सुख वाटलं म्हणून सांगू! दोन ट्रेलरच्या मधल्या धुळीत, नव्या पांढऱ्या सदऱ्यात मी चालू लागलो. गाडी गोगलगायीसारखी मागून. एका ट्रेलरच्या ड्रायव्हरने वरून डोकं काढून विचारलं, "क्या हुआ अंकल, झगडा हो गया क्या?" मला हसू आलं. मेहुण्याला आलं नाही. त्याने काच खाली केली. "भावजी, बसा ना. इथं सगली आपल्या वलकीची लोकं हायत. काय बोलतील? जावयाला चालवत आनला!"

वाहतूक सुटेपर्यंत मी चालतच राहिलो. तेवढ्यात कुणीतरी फोन केला असणार, कारण आमच्याआधी बातमी गावात पोचली होती. जावई भर रस्त्यात गाडीतून उतरला. त्याचा तिथे एकच अर्थ होतो: जावई रुसला.

दारात सासूबाई भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. "कुनी काय बोलला काय तुमाला?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "नाही हो, कंबर दुखत होती." त्यांनी मेहुण्याकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारा गाडी लावायच्या निमित्ताने पळाला. रुसलेला जावई असंच काहीतरी सांगतो, हे त्यांना माहीत होतं. धाकटा मेहुणा माझी मनधरणी करायला लागला. आतून एक नवा शर्टपीस वाढीव आला. मी जितकं 'काही नाही, काही नाही' म्हणत होतो तितका मी जास्त रुसलेला ठरत होतो.

पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी, समोर ताट, बाजूला दिव्याशेजारी तेहतीस अनारसे. घरून निघताना मी ठरवलं होतं की उभ्याने जेवतो म्हणून सांगायचं, बायकोनेही ते आईला समजावायचं कबूल केलं होतं. पण आता उभ्याने जेवलो असतो तर रुसव्यावर शिक्काच बसला असता. बायको कानाशी आली. "खुर्ची मागू का?"

"नको," मी म्हटलं आणि पाटावर मांडी घातली.

ते जेवण मला जन्मभर आठवेल. मेहुण्याची बायको मोबाइलवर व्हिडिओ काढत होती, त्यामुळे हसायचंही होतं. डावा पाय आधी पेटला आणि मग बधिर झाला. सासूबाई समोर बसून माझा एकेक घास बघत होत्या. मी पुरणाचा दुसरा धोंडा मागून घेतला तेव्हा कुठे त्यांचे खांदे सैल झाले. मग त्यांनी आपलं ताट ओढलं आणि पहिला घास घेतला. मला उठायचं होतं. उठताच येईना. शेवटी दोन्ही मेहुण्यांनी काखेत हात घालून मला धान्याच्या पोत्यासारखं उचललं, आणि तेव्हा सगळ्यांना खरं काय ते कळलं. "मंग सांगायचा ना," म्हणून सासूबाई रडल्या. मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही.

आतल्या खोलीत मला फरशीवर चटई घालून दिली. मी छताकडे बघत पडून होतो. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आणि बायकांचा आवाज येत होता. मेहुण्याची बायको माझ्या चालण्याची नक्कल करत असावी, कारण माझी बायको मोठ्याने, अगदी खोकला लागेपर्यंत हसत होती. "नाय गो, बस कर," ती म्हणत होती. पनवेलला ती 'नाही' म्हणते, आणि असं हसत नाही. आमच्या घरात मी दुखत असतो आणि ती ऐकत असते. तिची कंबर शाबूत आहे, तरी ती माझ्या पाठीतच अडकून पडली आहे, हे मला त्या फरशीवर फार स्पष्ट दिसलं.

निघताना मी तिला ओटीवर गाठलं. "तू हवं तर चार दिवस आईजवळ..."

"राहते," ती म्हणाली.

माझं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. ती 'तुमचं कसं होईल' म्हणेल, मी 'होईल गं' म्हणेन, ती नाही-नाही करत निघेल, असंच मी धरून चाललो होतो. ती शेकायच्या पिशवीत पाणी किती घालायचं ते सांगायला लागली. मी मान हलवत राहिलो.

परतीला मेहुण्याने सीट सरळ करून दिली, मी म्हणेन तिथे थांबला. रस्ता मोकळा होता. दिवेलागणीला पनवेलला पोचलो, कुलूप उघडलं, आणि तेवढ्यात तिचा फोन आला.

"पोचलात? त्रास झाला का?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी आरामात आलो." हे खरं होतं.

तिच्या मागे कुणीतरी हसत होतं.

"मग," तिने विचारलं, "चाराचे आठ दिवस केले तर चालेल का हो?"