गुडघ्यातला तुकडा

लखनौला मुलाकडे असताना माझा गुडघा बदलला. आदल्या दिवशी प्रयोगशाळेतली एक मुलगी खाटेपाशी आली. मी बस म्हणेपर्यंत उभीच राहिली. गुडघ्यातून काढायच्या तुकड्यातल्या जिवंत पेशी, ती त्यांना सेल म्हणायची, तिला काचेच्या बशीत वाढवून औषधं तपासायची होती. मी साफ नाही म्हटलं. माझं हाड, मी का देऊ? बकऱ्याचं घ्या की!

“लेते हैं, बाबूजी. पर बकरे के सेल बकरे का हाल बताते हैं. आपके घुटने का हाल आपके ही बताएँगे.”

“जगतात किती?”

“थोड़े ही दिन,” ती नजर न चुकवता म्हणाली.

खरं बोलली, म्हणून म्हटलं, “ने. पण माझ्या आहेत त्या. लवकर मरायच्या नाहीत.”