कावळ्याच्या लक्षात राहिलेलं तोंड

कावळा माणसाचं तोंड विसरत नाही, ही माहिती मी घरच्यांना द्यायला नको होती.

तशी माहिती देणं हा माझा जुना आजार आहे. मोबाइलवर काही अचंब्याचं वाचलं की ते दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय मला घास उतरत नाही. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, ऑस्ट्रेलियातला एक प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो, असलं काहीबाही मी रोज सकाळी आमच्या घरच्या 'गोतावळा' ग्रुपवर टाकायचो. ग्रुपवर अख्खं खानदान होतं, पण उत्तर यायचं एकट्या दिनकरमामांचं. शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य काढलेला माणूस. दुपारची जेवणं झाली की त्यांच्या फोनवरून एकच शब्द यायचा, "आयला." तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

कावळ्याचं वाचलं तेव्हा मात्र नुसतं पाठवून माझं समाधान होईना. त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा कावळा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो म्हणे, वर बाकीच्या कावळ्यांनाही दाखवून ठेवतो. म्हटलं, करून बघू. गच्चीवर गेलो, ताटली वाजवत समोरच्या नारळावरचे सगळे कावळे उठवले. (असा प्रयोग करणारी हुशार माणसं मुखवटा घालतात, हे पुढच्या ओळीत होतं, ती वाचायची राहिली होती.) दुसऱ्या दिवशी दूध आणायला बाहेर पडलो आणि टाळक्यात चोच बसली! डोक्याला हळद लावलेला फोटो मी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'प्रयोग यशस्वी.' मामांचा "आयला" आला.

आणि मग मामा गेले. सकाळी उठले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हते. वाचणारं असं एकच माणूस होतं माझं, तेही गेलं.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर सगळे जमलो. मामांच्या आवडीचा नैवेद्य मांडला होता, कट वडा, बुंदीचा लाडू, वर तपकिरीची डबी. झाडावर कावळ्यांचा बाजार भरलेला, पण खाली एक उतरेल तर शपथ. ऊन चढत चाललं. मामीनं आदल्या रात्रीपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. घोटभर घे म्हटलं तर म्हणाली, "आदी त्यांचं हू दे." तिचे ओठ वाळलेले बघवत नव्हते.

माझा थोरला मामेभाऊ विलास अचानक माझ्याकडे वळला.

"सत्या, तू हितनं जा."

"मी काय केलं?"

"गुरुपवर काय लिवलंतंस? तोंड लक्षात ठेवत्यात म्हणून. तुला बघूनच यीनात ती."

"अरे, ते कावळे आमच्या राजारामपुरीतले!"

"तूच लिवलंतंस, बाकीच्यास्नीबी सांगत्यात म्हणून."

विज्ञान माझंच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. कुणीतरी हेल्मेट दिलं. ते घालून, काच खाली ओढून, मी भिंतीआड उभा राहिलो. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात आत जाईना. शेजारच्या मयताला आलेले एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, "पावणं, गाडी लावायची आसंल तर गेटाभायेर लावा."

तरी कावळा शिवेना. मग मामांची कुठली इच्छा राहिली याचा शोध सुरू झाला. विलास हात जोडून म्हणाला, "आबा, आईला काय कमी पडू देणार न्हाय." कावळे ढिम्म. त्याची बायको म्हणाली, "मामंजी, म्हशी इकणार न्हाय आमी." एक कावळा फांदी बदलून बसला, बस्स. सगळ्यांचं सगळं कबूल करून झालं.

"सत्याचं काय ऱ्हायलंय का बघा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

विलास मला हेल्मेटासकट ओढत नैवेद्यापुढं घेऊन आला. "म्हण, आजपास्नं कुणाला म्हायती सांगणार न्हाय."

मी मामीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली होती. मी हेल्मेट काढलं, हात जोडले. "मामा, आजपासून मी कुठल्याही माणसाला कसलीही माहिती सांगणार..."

'नाही' म्हणायच्या आत कावळा माझ्या कानाजवळून खाली आला आणि कट वडा घेऊन गेला.

लोकांनी सुस्कारा सोडला. मामीला पाणी दिलं. मी मात्र तिथंच बसून ढसाढसा रडलो. लोकांना वाटलं मामांसाठी. तेही होतंच, पण ज्या माणसाच्या "आयला"वर मी जगत होतो तोच मला कंटाळला होता, हे दुःख जास्त होतं.

परतताना रिक्षात मामी शेजारी बसली होती. म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगंस. त्यास्नी फोन कुटं दिसत हुता? मीच वाचून दावायची. ते घोरत आसायचे."

"मग ते 'आयला'?"

मामीनं पदर तोंडाला लावला. "मीच टाकायची. माज्या फोनवरनं बाईमाणसानं आसलं कसं लिवायचं? म्हणून त्यांच्या फोनवरनं."

मी कपाळावर हात मारला. माझी एकुलती एक वाचक ठणठणीत जिवंत होती आणि मी गेलेल्या माणसाला शब्द देऊन बसलो होतो!

"आता मोडू नगंस," मामी म्हणाली. "पर दुपारचं लई मोकळं वाटंल रं."

शब्द मी मोडलेला नाही. हल्ली दुपारी मामीकडे जातो आणि परसदारच्या पायरीवर बसतो. कुंपणावर कावळा आला की खणखणीत आवाजात त्याला सांगतो, "डॉल्फिन झोपतो तेव्हा त्याचा अर्धा मेंदू जागा असतो बरं का." मी शब्द दिला तो माणसांच्या बाबतीत. शेजारणी मला बघून पोरांना आत घेतात. कावळ्यालाही माझं तोंड पाठ आहे, तो अर्ध्यातच उडून जातो. मी उरलेली माहिती रिकाम्या कुंपणाला सांगतो. आत भांड्यांचा आवाज थांबतो आणि मामी हळूच म्हणते, "आयला."